एसओपी उद्यापासून

तर मास्टर्सला बाहेर, म्हणजे अमेरिकेला, जायचं हे मी ठरवलं त्याला तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत माझा एकही अर्ज कुठे गेला नव्हता. ठरवण्यात मात्र मी कधी कमी पडले नाही. दर ऑगस्टमध्ये नव्याने ठरवायचे, सप्टेंबरमध्ये अर्जांची पोर्टलं उघडली की अकाउंट काढायचे, ऑक्टोबरमध्ये त्यांचे पासवर्ड विसरायचे, नोव्हेंबरभर टेन्शन घ्यायचे आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात "जाऊदे, पुढच्या फॉलला (तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या सत्राला) करू, तोवर प्रोफाइल जरा स्ट्राँग होईल" म्हणून लॅपटॉप मिटायचे. प्रोफाइल स्ट्राँग करणे हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला त्याला माझा नमस्कार. एका फटक्यात आळशी माणूस साधक होतो.

आता कुणी म्हणेल अतिशयोक्ती करतेय, तर टोफेलचं, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचं, ऐका. टोफेलचा स्कोअर २ वर्षं चालतो. मी परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, घरच्यांनी कौतुक केलं, आणि मग त्या स्कोअरला मी हातच लावला नाही. दोन वर्षांनी तो बिचारा मुदत संपून गेला. म्हणजे मला इंग्रजी येतं हे एकदा सिद्ध झालं होतं आणि मी नुसती बसून राहिल्याने ते परत असिद्ध झालं. पुन्हा फी भरली, पुन्हा हेडफोन लावून मायक्रोफोनला माझी मतं सांगितली, शेजारच्या खुर्चीतला मुलगा त्याची मतं माझ्यापेक्षा मोठ्याने सांगत होता त्यामुळे एका उत्तरात मी त्याचंच मत दिलं. असो.

मास्टर्सच्या प्रवेशासाठीची दुसरी परीक्षा जीआरई, तिचा स्कोअर ५ वर्षं चालतो, हे तर त्याहून वाईट. पाच वर्षं टिकणाऱ्या वस्तूची घाई कोण करतं? आणि ही परीक्षा आधी पावणेचार तासांची असायची ती सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची केलीय, अख्खं गणित, अख्खं इंग्रजी, एक निबंधसुद्धा, सगळं दोन तासांच्या आत, आणि मला एसओपीचं (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध) पहिलं वाक्य लिहायला अकरा आठवडे लागले. यातली गोम मला नंतर कळली. परीक्षेची तारीख घेतलेली असते, तिथे कुणीतरी हजेरी घ्यायला बसलेलं असतं, न जाऊन सांगता कुणाला? एसओपीची वाट बघत कुणीच बसलेलं नसतं. (बाकी माझ्या यादीतल्या निम्म्या डिपार्टमेंटांनी आता जीआरई ऑप्शनल केलीय. हे मला परीक्षा दिल्यावर कळलं, कारण त्यांची पानं वाचायचं काम मी पुढे ढकललं होतं.)

आपल्याकडे या रोगाला शब्द भरपूर आहेत, चालढकल, टंगळमंगळ, दिरंगाई, चेंगटपणा, पण मला सगळ्यात लागू पडतो तो दीर्घसूत्री. सूत्र म्हणजे दोरा. माझ्या डोळ्यासमोर एक बाई येते जिला एक बटण लावायचंय आणि तिने त्यासाठी हातभर नाही, वावभर नाही, चांगला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ओवलाय आणि आता ती गुंता सोडवत बसलीय आणि बटण हरवलंय.

माझा दोरा म्हणजे एक्सेल शीट. तेवीस युनिव्हर्सिट्या, एकोणीस कॉलम. अँबिशस, मॉडरेट, सेफ असे तीन रंग. डेडलाइन, फी, रिसर्च ग्रुप, इथपर्यंत ठीक होतं, पण मग जानेवारीतलं तापमान, विमानतळापासूनचं अंतर, लायब्ररी रात्री कितीपर्यंत उघडी असते असेही कॉलम आले. लायब्ररीचा कॉलम भरायला दोन दिवस गेले. जी बाई घरच्या टेबलावर सलग वीस मिनिटं बसत नाही तिला रात्री दोनला तिकडची लायब्ररी उघडी हवी होती. शिवाय शीटमध्ये मी अशी सोय केली होती की डेडलाइन पंधरा दिवसांवर आली की ती ओळ आपोआप लाल व्हावी. डिसेंबर लागला आणि शीट उघडली की अंगावर यायची, सगळीकडे नुसता लाल. मग मी एक दिवस बसून तो लाल बदलून फिकट पोपटी केला. बराच फरक पडला.

दुसरा दोरा घड्याळाचा. तिकडच्या डेडलाइन रात्री ११:५९ च्या असतात, पण कुठल्या ११:५९ हे बघावं लागतं. ईस्ट कोस्टवर रात्रीचे ११:५९ होतात तेव्हा डिसेंबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०:२९ झालेले असतात. म्हणजे १५ तारीख ही खरं तर १६ तारीख आहे! हा शोध लागला त्या दिवशी मी इतकी खूश झाले की त्या दिवसाचं काम बंद ठेवलं. वेस्ट कोस्टवाले तर आणखी तीन तास देतात, दुपारी १:२९ पर्यंत. हवाई त्याच्याही दोन तास मागे आहे. मी हवाईच्या युनिव्हर्सिटीची चौकशी केली हे कबूल करते आणि समुद्राचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे रिसर्च ग्रुप सोडून तू टाइमझोन बघून कॉलेज निवडतेयस?" हिचे सगळे अर्ज ऑक्टोबरमध्येच गेले होते. अशा लोकांशी मैत्री ठेवू नये असं नाही, पण डिसेंबरात फोन उचलू नये.

मग मी चालढकलीवरच वाचायला घेतलं, कारण रोग समजून घेतल्याशिवाय उपचार कसा करणार. मला स्टॅटिस्टिक्सला जायचंय त्यामुळे आकडे दिसले की मी थांबते. १९९४ चा ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघा मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत संपेल. मुलांनी सरासरी ३३.९ दिवस सांगितले. मग विचारलं, बरं, सगळं वाईटात वाईट झालं तर? तेव्हा सांगितले ४८.६. आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटात वाईटाच्याही वर आठवडाभर! वाचताना मला त्या मुलांबद्दल इतकी माया दाटून आली, वाटलं जाऊन पाठीवरून हात फिरवावा. काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याला नाव देऊन ठेवलंय, प्लॅनिंग फॅलसी. नाव असलेला आजार झाला की माणसाला जरा प्रतिष्ठा येते.

त्याहून मोठा दिलासा दिला स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक जॉन पेरी यांनी. त्यांचं म्हणणं असं की यादीत सगळ्यात वर एखादं भारी महत्त्वाचं काम ठेवा, ते टाळण्यासाठी माणूस खालची सगळी कामं उत्साहाने करतो. याबद्दल त्यांना २०११ मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीचं नोबेल, मिळालं. मी आजूबाजूला बघितलं तर खरंच की, कपाट लावून झालं होतं, कपड्यांच्या घड्या रंगाप्रमाणे होत्या, बँकेची केवायसी जी दोन वर्षं राहिली होती ती झाली होती, फोनमधले अकरा हजार फोटो वर्षवार लावले होते, आईचे सगळे पासवर्ड एका वहीत लिहून दिले होते. आई तर म्हणाली दरवर्षी अर्ज करत जा गं, घर कसं छान होतं.

बरं, एसओपीत एवढं अवघड काय असतं? दोन पानं लिहायची असतात. तुम्ही कोण, आजवर काय केलं, पुढे काय करणार, आणि आमच्याकडेच का. हे चार प्रश्न मला घरात कुणी विचारले असते तर मी उठून दुसऱ्या खोलीत गेले असते. पहिलं वाक्य मी लिहिलं, "लहानपणापासून मला आकड्यांचं आकर्षण होतं." खोटं आहे. लहानपणी मला आकड्यांची भीती होती, तीसचा पाढा आला की पोटात दुखायचं. मग ते खोडून एका थोर संख्याशास्त्रज्ञाचं वचन टाकलं. मग इतरांच्या एसओपी वाचल्या तर दर तिसऱ्याने तेच वचन टाकलेलं. मग लिहिलं, "अनिश्चितता ही माझी सोबतीण आहे." हे रात्री अडीच वाजता फार सुंदर वाटलं होतं, सकाळी वाचलं आणि फाईलच डिलीट केली. मग फॉन्ट बदलून बघितला. मार्जिन कमी केलं. फाईलींची नावं वाचली तर पूर्ण दुःख कळेल: एसओपी, एसओपी नवीन, एसओपी फायनल, एसओपी फायनल खरंच, एसओपी फायनल यालाच हात लावू नकोस, आणि शेवटची, जिच्यात मजकूर काहीच नव्हता, एसओपी उद्यापासून.

शेवटी १५ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे त्यांची १५ ची सकाळ होती तेव्हा, एक अर्ज तरी जाऊदे म्हणून बसले. पोर्टलवर आधी सीव्ही अपलोड करायला लावतात आणि मग त्या सीव्हीत जे आहे तेच सगळं चौकोनाचौकोनात पुन्हा टाइप करायला लावतात, यामागे काय विचार असेल देव जाणे. मग नाव पासपोर्टवर आहे तसं, ट्रान्सक्रिप्टवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनाव आधी, त्यात तास गेला. मग शिफारसपत्रांचं पान. तिथे एक प्रश्न असतो की ही पत्रं बघण्याचा आपला हक्क आपण सोडताय का. तिकडे १९७४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं बघता येतात, पण पत्रं बघायचा हक्क सोडलेला बरा, म्हणजे वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, असं सगळे सांगतात. मी पत्रं मागवतानाच उदार मनाने टिक केलं होतं, सोडला हक्क.

पत्रं तीन लागतात. मॅडमचं दोन दिवसांत आलं होतं, मॅनेजरचं आठवड्यात. आमच्या सरांचं येईना. सर म्हणजे माझ्या प्रोजेक्टचे गाइड, त्यांच्या पत्रावरच सगळी भिस्त. सप्टेंबरमध्ये "हो हो, नक्की देतो" म्हणाले होते. आता पोर्टलवर मी रोज बघायचे, तीनपैकी दोन आली. रोज चिडायचे. आईला सांगायचे, मैत्रिणीला सांगायचे, की बघा, मी एवढी तयारी करून बसलेय आणि एका माणसाच्या ढिलाईपायी माझं वर्ष वाया जाणार, लोकांना दुसऱ्याच्या करिअरची किंमतच नसते. आठवण करायला मात्र फोन केला नाही, सरांना टोचल्यासारखं वाटेल म्हणून.

पहाटे पाचपर्यंत एसओपी झाली. कशी झाली विचारू नका, पाच तासांत झाली, जी अकरा आठवड्यांत होत नव्हती. सकाळी नऊला पत्र अजून नाहीच. आता टोचलं तर टोचलं म्हणून फोन लावला.

"सर, ते पत्राचं... आज साडेदहापर्यंत शेवटची वेळ आहे."

"अगं मी तर तुझ्या ड्राफ्टची वाट बघतोय! मेल केला होता की, मुद्दे लिहून पाठव, मी त्यावरून करतो म्हणून. ऑक्टोबरमध्ये."

फोन चालू ठेवून मेल शोधला. होता. ७ ऑक्टोबरचा. मी तो वाचलेलाही होता, त्याला तारा दिलेला होता आणि "महत्त्वाचं, निवांत बघू" या फोल्डरमध्ये नीट ठेवलेला होता. म्हणजे दहा आठवडे एक भला माणूस तिकडे माझी वाट बघत बसला होता आणि मी इकडे त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

"सर, पाठवते, लगेच पाठवते."

नुसते मुद्दे पाठवून सर पत्र कधी लिहिणार, वेळ कुठे होता, म्हणून अख्खं पत्रच लिहायला घेतलं, आणि काय सांगू, चाळीस मिनिटांत झालं. एकदाही अडले नाही. सरांच्या आवाजात स्वतःबद्दल लिहायला लागले तर शब्द नुसते धावत येत होते. ही विद्यार्थिनी कष्टाळू आहे, हिची विश्लेषणाची हातोटी विशेष आहे, हिचे प्रश्न वर्गाला पुढे नेत. भरात येऊन शेवटी हेही लिहिलं की दिलेलं काम ही मुदतीच्या आधी पूर्ण करते. ९:४८ ला पाठवलं. ९:५५ ला माझा अर्ज सबमिट केला. मग रिफ्रेश करत बसले. तीनपैकी दोन. तीनपैकी दोन. तीनपैकी दोन.

१०:२१ ला तीनपैकी तीन झालं आणि लगेच सरांचा फोन.

"गेलं बघ. चांगलं लिहिलंयस, मी जरा माझं माझं घातलं आणि एक वाक्य तेवढं काढलं."

तोंडावर आलं होतं, कुठलं वाक्य सर? पण तो हक्क मी आधीच सोडला होता.