ग्रिड बदला, धातू आपोआप बदलेल

पॉलीक्रिस्टलचं, म्हणजे असंख्य ग्रेन (छोटे स्फटिक) चिकटून बनलेल्या धातूचं, कृत्रिम मायक्रोस्ट्रक्चर (आतली रचना) संगणकात ६४×६४×६४ च्या ग्रिडवर तयार आहे आणि गाईडना ते २५६ वर हवंय? अजिबात घाबरू नका. गेल्या आठवड्यात एका सहकारी गटाकडून मला अशीच मोठी केलेली फाईल आली. तिचा सखोल अभ्यास करून हे मार्गदर्शन खास तुमच्यासाठी.

सर्वप्रथम, मूळ बिंदूंची यादी डिलीट करा. व्होरोनॉय पद्धतीत (प्रत्येक जागा सर्वांत जवळच्या बिंदूच्या ग्रेनला) ज्या बिंदूंभोवती ग्रेन पाडले, ते बिंदू हाताशी असले की तोच नमुना हव्या त्या ग्रिडवर नव्याने पाडता येतो आणि सीमा खरोखरच बारीक होतात. इतकं सोपं काम करायला पीएचडी कशाला लागते?

मग व्हॉक्सेल (ग्रिडचे चिमुकले ठोकळे) वाढवा. २,६२,१४४ चे १,६७,७७,२१६ होतील. चौसष्टपट! माहिती होती तेवढीच राहते, पण फाईलचं वजन बघून समोरचा दबतो.

आता मुख्य कृती. ग्रेन आयडी (कुठला व्हॉक्सेल कुठल्या ग्रेनचा ते सांगणारा नंबर) सरळ लिनियर इंटरपोलेशनला घाला, म्हणजे दोन नंबरांच्या मधले आकडे भरा. १२ नंबरचा ग्रेन ४८ ला चिकटून आहे ना? मधल्या व्हॉक्सेलना २१, ३०, ३९ द्या. ३० नंबरचा ग्रेन नमुन्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यात सुखाने नांदतोय, असू दे. पुण्याचा पिन ४११००१, नागपूरचा ४४०००१, सरासरी ४२५५०१. त्या पत्त्यावर पत्र टाकलं की दोन्हीकडे अर्धं-अर्धं पोचतंच की! बरं, आयडीवरून टेबलातून ओरिएंटेशन (त्या स्फटिकाची दिशा) उचललं जातं. म्हणजे प्रत्येक सीमेवर कुठल्या तरी तिसऱ्याच ग्रेनची पातळ साल चिकटते. ताण काढणारा सॉल्व्हर प्रोग्रॅम बिचारा इमानदार, तो त्या सालीतही ताण मोजतो. सामायिक संगणकांच्या क्लस्टरच्या रांगेत थांबून, रात्रभर नोड अडवून जे चित्र निघतं त्यात प्रत्येक सीमा जास्त ताणाने लालभडक. आणि त्यावर त्या गटाचा ईमेल काय, तर ‘सीमांवर इंटरेस्टिंग स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन दिसतंय, पेपरमध्ये घेऊ या’. घ्या ना! मुखपृष्ठावर छापा! धातूत नसलेले ग्रेन तुम्ही पेरले, त्यांच्यावर ताण आला, आणि आता त्याचं कौतुक आम्ही करायचं?

असो. पुढची कृती.

ऑयलर कोनांचीही (ओरिएंटेशन सांगणारे तीन कोन) सरासरी काढा. ३५९ आणि १ अंशांमध्ये फरक दोनच अंशांचा, पण सरासरी १८० येते. गणितापुढे इलाज नाही.

स्पेसिंग (एका व्हॉक्सेलची लांबी) १ मायक्रॉनचं ०.२५ करायला विसरा. घन ६४ चा २५६ मायक्रॉन होईल, ग्रेन चौपट फुगतील. हॉल-पेच (ग्रेनच्या आकारावरून धातूची ताकद सांगणारा नियम) बघून घेईल.

एफएफटी सॉल्व्हर (नमुना पिरिऑडिक, म्हणजे समोरासमोरच्या कडा जुळणारा, आहे असं तो धरतो) वापरणार असाल तर कडा कापा. पिरिऑडिक होतं? होतं.

ग्रिड जाड करताना बारके ग्रेन गायब झाले तर टेबल मुळीच तपासू नका.

कन्व्हर्जन्स (ग्रिड बारीक केलं की उत्तर स्थिरावणं) दाखवायचाय? ६४, १२८, २५६, प्रत्येक वेळी रँडम सीड (बिंदू कुठे पडतील ते ठरवणारा आकडा) नवा घ्या. तीन वेगळे नमुने, तीन वेगळी उत्तरं, आणि दोष ग्रिडला. सीमांचं क्षेत्रफळ मात्र व्हॉक्सेलचे पृष्ठ मोजूनच काढा. गोलाचं क्षेत्रफळ असं मोजलं की ते दीडपट येतं आणि ग्रिड कितीही बारीक केलं तरी दीडपटच राहतं. एवढा स्थिर आकडा शोधून सापडायचा नाही.

बस झालं. आता सरळ बोलतो. अरे, ग्रेन आयडी हे नाव आहे. नावांची सरासरी कोणी काढतं का? सायपायच्या (पायथनची गणिती लायब्ररी) झूम फंक्शनला ऑर्डर शून्य, म्हणजे सरासरी न काढता जवळचाच नंबर घे, असं सांगायला किती अक्षरं लागतात? (काहीच सांगितलं नाही तर ते ऑर्डर ३ चं स्प्लाइन, म्हणजे गुळगुळीत वक्र, लावतं, मग ऋण नंबराचे ग्रेनही भेटतात.) पाठवण्याआधी वेगवेगळे आयडी किती आहेत, प्रत्येक ग्रेनचं आकारमान मूळ फाईलशी जुळतं का, एवढं बघायला एक मिनिट लागतं. तो एक मिनिट तुमच्याकडे नाही, आणि आमच्या रात्री मात्र फुकटच्या?

फाईल परत पाठवली आहे. बिंदूंची यादी द्या. ती नसेल तर ६४ चीच मूळ फाईल द्या, हात न लावलेली. आणि ते लाल चित्र पेपरमधून काढा.