रविवारी ब्लॉक, सोमवारी सगळं बंद: या आता मुंबई बघायला!

सोमवारी घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची, लेणी बंद असतात. हे एवढं वाक्य सीएसएमटीला आणि दादरला गाडीतून उतरणाऱ्या माणसाला उतरल्या उतरल्या दिसेल असं मराठीत लिहून लावायला किती खर्च येतो? की त्यालाही टेंडर लागतं?

नागपूरकर असो, कोल्हापूरकर असो, नोकरदार माणूस मुंबईला येणार कधी? शनिवारी संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस किंवा रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, रविवारी सकाळी उतरायचं, सोमवारची एक रजा टाकायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणि नेमके हेच दोन वार या शहरानं पाहुण्यांच्या मुळावर ठेवलेत.

रविवार घ्या. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे देखभालीसाठी काही तास लोकलचा मार्ग बंद; पश्चिम रेल्वेवर असला तर त्याला म्हणायचं जम्बोब्लॉक. नावं बघा, जशी काही सर्कसच आलीय! साधारण दहा-अकरा ते तीन-चार, म्हणजे फिरायची ऐन वेळ. रुळांची देखभाल हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्लॉकचं वेळापत्रक वाचायचं कसं, हे नवख्याला कोण सांगणार? माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की स्लो गाड्या जलद मार्गावर वळवतात. जलद मार्गाला विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला फलाटच नाहीत, मग गाडी तिथं थांबणार कशी? नातेवाईक कांजूरला उतरवून घ्यायला उभे आणि पाहुणे थेट पुढच्या स्टेशनात. हार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर बहुतेक वेळा सीएसएमटीकडची वाहतूकच बंद. त्या वेळात हार्बरच्या तिकिटावर मेन लाइननं जायची मुभा असते, पण ती घोषणा गर्दीत कुणाला ऐकू येते?

दादर तर विचारूच नका. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे नंबर आहेत, पश्चिमेचे १ ते ७ तसेच. निर्णय चांगलाच, आधी दोन्हीकडे एक नंबर होता. पण जुन्या आठवणीवर रस्ता सांगणारे काका मध्य रेल्वेच्या गाडीसाठी अजूनही ‘तीन नंबरला जा’ म्हणून ठोकून देतात आणि माणूस पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या गाडीत बसतो.

आणि डबा बघून चढा. दारापाशी तिरके रंगीत पट्टे आणि ‘प्रथम श्रेणी’ लिहिलेलं असेल तर तो डबा आपला नाही. रविवारी तो मोकळा दिसतो म्हणून चार जण शिरतात. टीसी आला की प्रत्येकी किमान २५० रुपये दंड, वर भाड्यातला फरक. एसी लोकललाही साधं तिकीट चालत नाही.

आता सोमवार. घारापुरी बंद. कान्हेरी बंद. कान्हेरी ज्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते उद्यानच बंद. नेहरू तारांगण बंद. आधुनिक कलादालन बंद. लेणी पुरातत्त्व खात्याची, उद्यान वन खात्याचं, आणि सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी, पर्यटकाच्या हातातला तोच एक दिवस! निम्म्यांनी सुट्टी मंगळवारी घेतली तर काय दरड कोसळेल? भायखळ्याची राणीची बाग आणि आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. त्यातही गंमत अशी की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद करतात. चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. पंचांग घेऊन फिरायचं का माणसानं?

खरं तर फिरायचंच. हाजी अली दर्ग्याकडे जाणारा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. कोकणातला कुणीही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता हाजी अली ठेवणाऱ्या टूरवाल्याला काय म्हणावं?

घारापुरीचं तिकीट ही तर हप्त्यांची वसुली आहे. गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँचचं जाण्यायेण्याचं तिकीट वेगळं. वरच्या डेकवर बसायचं तर वर पैसे. तासाभरानं उतरलात की धक्क्यावरून छोट्या गाडीचे वेगळे. ग्रामपंचायतीचा कर वेगळा. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर लेण्यांचं तिकीट ४० रुपये, तेही वेगळंच. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट नाही, हे माहीत नसलं तर रांगेत उगाच पैसे काढत बसता. गेटवेलाच एकदा सगळे पैसे घेऊन एक पावती का देता येत नाही? ती लाँचची चिठ्ठी जपून ठेवा, परतीला तीच दाखवायची असते. सकाळी नऊच्या सुमारास पहिल्या लाँचा सुटतात, त्यातलीच धरा. दुपारी जेवून निघालात तर महेशमूर्तीसमोर उभं राहायला वेळ उरत नाही, कारण संध्याकाळी साडेपाचच्या आसपास परतीचं संपतं आणि धक्क्यावर सगळ्यांची एकदमच झुंबड. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, तिथं हुज्जत घालू नका.

वांद्र्याहून रिक्षानं गेटवेला जाऊ म्हणणाऱ्यांनो, रिक्षा माहीमपर्यंतच. पूर्वेकडून आलात तर सायनपर्यंत. पुढं टॅक्सी, पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, मध्यरात्रीनंतर सव्वापट. मीटर टाकायला नकार देत असेल तर उतरा, दुसरी बघा.

सामान स्टेशनाच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप आणि हातात प्रवासाचं तिकीट लागतं. नुसती चेन ओढून नेलीत की परत पाठवतात, मग स्टेशनाबाहेर चढ्या भावात कुलूप विकत घ्या.

सोमवारीच अडकलात तर काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही चालू असतं. जमत असेल तर मात्र रजा सोमवारऐवजी शुक्रवारची टाका. घारापुरी शुक्रवारी, कान्हेरी शनिवारी, आणि रविवारी ब्लॉक लागायच्या आत आपलं स्टेशन गाठा.