घरपट्टी नावावर लागली म्हणजे घर नावावर झाले?

व्हॉट्सॲपवर एक संदेश गावोगाव फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, दावे तेच. नगरपालिकेच्या आकारणी उताऱ्यावर नाव लागले की माणूस कायद्याने मालक होतो. सलग १२ वर्षे घरपट्टी भरली की मूळ मालकाचा हक्क संपतो. पालिकेने कर घेतला की बांधकाम पाडता येत नाही. नाव लावायला खरेदीखत लागत नाही, स्टँपपेपरवर नोटरी पुरते. अडलेच तर नगरसेवकाकडून सभेत ठराव करून घ्यावा. यातला एकही दावा टिकत नाही, आणि नोटरीच्या दाव्यावर विसंबून लोक आयुष्यभराची पुंजी घालवतात.

पहिला दावा. महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात. त्याखाली आकारणी यादी तयार होते ती कर कोणाकडून आणि किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी. कर विभागाचा माणूस घरी येतो, लांबी-रुंदी मोजतो, बांधकाम आरसीसी, विटांचे, मातीचे की पत्र्याचे ते लिहितो, वापर राहण्याचा की दुकानाचा ते पाहतो. आकारणी भाडेमूल्यावर असेल तर वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढले जाते. या सगळ्यात जुनी खरेदीखते वाचून हक्क कोणाचा याचा निवाडा कोणीही करत नाही, कारण तो अधिकार पालिकेला नाहीच. उतारा नीट पाहा: मालकाचे नाव आणि भोगवटादाराचे, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचे किंवा वापरणाऱ्याचे, नाव असे दोन वेगळे रकाने असतात. भोगवटादाराच्या रकान्यात नाव आलेले लोकही स्वतःला मालक समजून व्यवहार करतात. महसुली फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या निकालात म्हटले आहे. जिथे महसुली नोंदीची ही गत, तिथे कराच्या नोंदीने मालकी कशी मिळेल?

हा समज का रुजला, हेही समजून घ्यायला हवे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. त्या गावांतल्या गावठाणात कित्येक ठिकाणी नगर भूमापन झालेलेच नव्हते, त्यामुळे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नाही, सातबारा तर नाहीच. लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या एकच कागद होता, ग्रामपंचायतीचा नमुना ८. तोही आकारणीचाच कागद, पण दुसरे काही नसल्याने त्यालाच सगळे ‘घराचा उतारा’ म्हणू लागले. वीजजोडणी, नळजोडणी यांना तो चालतो. ताबा दाखवायला न्यायालयातही त्याचा उपयोग होतो. एवढे त्याचे मोल नक्की आहे. मालकीचा भार मात्र तो पेलू शकत नाही.

१२ वर्षांचा दावा मुदत कायद्याच्या अर्धवट वाचनातून आला आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमातल्या अनुच्छेद ६५ मध्ये १२ वर्षे आहेत, पण ती प्रतिकूल कब्जाची: मालकाच्या हक्काला उघड नाकारून, सलग ठेवलेल्या ताब्याची. कर भरणे म्हणजे हक्क नाकारणे नव्हे. भाडेकरू ४० वर्षे घरपट्टी भरत असला तरी त्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा आहे. समाईक वाड्यात थोरल्या भावाने एकट्याने कर भरला म्हणून बाकी भावंडांचा हिस्सा जात नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने धरला जातो. जागा सरकारी असेल तर मुदत १२ नाही, ३० वर्षांची आहे, आणि पालिकेच्या सार्वजनिक रस्त्यालाही ३० वर्षेच.

बांधकामाबद्दल थोडक्यात. अनधिकृत इमारतीवरही कर लागतो, वर शास्तीही (दंड) लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालची नोटीस घरपट्टीच्या पावत्या दाखवून टळत नाही. परवानगीचा नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागते.

आता नोटरी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकापुढे यावा लागतो. नोटरी फक्त सही कोणाची हे पाहते. साठेखताने, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या नुसत्या कराराने, घर आपले होत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीवर केलेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सूरज लॅम्प निकालात (२०११) स्पष्ट झाले आहे. वारसांच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या रूपाने होते. वडील गेल्यावर एक मुलगा प्रतिज्ञापत्र करून एकट्याचे नाव लावतो, बहिणींची नावे गाळतो, किंवा त्यांच्याकडून नोटरीवर हक्कसोड लिहून घेतो. स्थावरातला हक्क सोडण्याचे पत्र नोंदणीकृतच लागते. नाही तर २० वर्षांनी घर विकायला काढले की बहिणींच्या मुलांचा दावा उभा राहतो, आणि तो खोटा नसतो.

सभेच्या ठरावाचा मार्ग तर सर्वांत कच्चा. सभेच्या ठरावाने एकाची मिळकत दुसऱ्याची होऊ शकत नाही. कायद्याबाहेरच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली थांबवू शकतात. दोन माणसे एकाच घरावर हक्क सांगत असतील तर कार्यालयाने जुनी नोंद तशीच ठेवून दोघांना दिवाणी न्यायालयाचा आदेश आणायला सांगावे. जो लिपिक असे करतो, त्याला लोक अडवणूक करतो म्हणून दोष देतात. तो योग्यच करत असतो.

नावफेर करताना अर्जासोबत नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक २ (त्या दस्ताच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), असल्यास मिळकत पत्रिका आणि थकबाकी नसल्याचा दाखला लावा. वारसनोंद असेल तर मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावे. थकबाकीकडे काणाडोळा करू नका: घरपट्टी हा मिळकतीवरचा बोजा आहे, तो घराबरोबर नव्या मालकाकडे येतो. विकणाऱ्यानेही हस्तांतर पालिकेला लेखी कळवून पोच घ्यावी, नाही तर मागणीची बिले त्याच्याच नावाने निघत राहतात.

घर घेताना क्रम उलटा ठेवा. आधी दुय्यम निबंधक कार्यालयात किमान ३० वर्षांच्या दस्तांचा शोध, मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. तिच्यावर धारकाचे नाव, क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते, पाहा. शासकीय भाडेपट्ट्याची जागा असेल तर हस्तांतराला परवानगी लागू शकते. मिळकत पत्रिकेची नोंदही उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते, म्हणून ती खरेदीखतांच्या साखळीशी ताडून घ्या. आकारणी उतारा सगळ्यांत शेवटी. त्यावरचे क्षेत्र खताशी जुळत नसेल तर बहुधा वाढीव बांधकाम झालेले असते. त्याची परवानगी विकणाऱ्याकडे मागा, आणि ती हातात येईपर्यंत इसार देऊ नका.