‘एक प्रजाती गेली तर कुणाचं काय अडलं?’ : फिरणाऱ्या एका मजकुराला मुद्देसूद उत्तर

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका मजकुराचं सार असं आहे: पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्के नामशेष झाल्या, तरी जग चाललंच आहे. निसर्गात खुर्ची रिकामी राहत नाही, एक उठला की दुसरा बसतो. प्रवासी कबुतर गेलं, कुणाचं काय अडलं? आणि अडलंच तर प्राणी पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडता येतात. मग एवढी ओरड कशाला?

यातलं एकही विधान निखालस खोटं नाही, आणि म्हणूनच हा मजकूर पटकन पटतो. प्रत्येक विधानात अर्धी बाजू गाळलेली आहे. ती गाळलेली बाजू अशी.

‘९९ टक्के गेल्याच की’

आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्याला सुमारे साडेतीन अब्ज वर्षांचा कालावधी जोडलेला आहे. प्रश्न किती गेल्या हा नाही, किती वेगाने गेल्या हा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पृष्ठवंशी प्राण्यांपुरता हिशेब मांडला होता. नैसर्गिक वेग मुद्दाम चढा धरूनही, गेल्या शंभर वर्षांत जेवढ्या प्रजाती संपल्या तेवढ्या संपायला एरवी, प्राणिगटानुसार, ८०० ते १०,००० वर्षं लागली असती. जुन्या महाविनाशांनंतर जीवसृष्टी सावरली हे खरं, पण त्यासाठी लाखो वर्षं गेली. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या, पर्मियन काळाच्या अखेरच्या विनाशानंतर तर काही कोटी वर्षांपर्यंतचे अंदाज मांडले जातात. ‘निसर्ग सावरतो’ म्हणताना हा कालावधी सोयीस्कररीत्या वगळला जातो.

‘रिकामी खुर्ची दुसरा भरतो’

भरतो. पण तो आधीच्याचंच काम करतो का, हे कुणी तपासत नाही. भारतीय उपखंडातली गिधाडं हे याचं सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण आहे.

१९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. कारण २००४ साली सापडलं: डायक्लोफेनॅक. गुरांना दिलं जाणारं हे वेदनाशामक जनावर मेल्यावर त्याच्या मांसात आणि यकृतात उरतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तातलं युरिक आम्ल वाढतं, आतल्या अवयवांवर त्याचे पांढरे स्फटिक जमतात आणि पक्षी काही दिवसांतच मरतो. यासाठी प्रत्येक मेलेल्या जनावरात औषध असावं लागत नाही. एका मढ्यावर डझनांनी गिधाडं उतरतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत प्राणघातक मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते, असं गणिताने दाखवलं गेलं.

आता खुर्चीकडे पाहू. मढी उघड्यावर राहिली आणि त्यांवर भटकी कुत्री वाढली. खाणारा बदलला, एवढंच वरवर दिसतं. पण गिधाडांचा थवा जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो आणि त्याच्या जठरातलं तीव्र आम्ल बहुतेक रोगजंतू मारून टाकतं. कुत्री सावकाश खातात, उरलेलं सडू देतात, आणि एका मढ्याभोवती गोळा होऊन एकमेकांना चावतात. केनियात गिधाडांना मुद्दाम दूर ठेवून मढ्यांवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मढं संपायला लागणारा वेळ जवळपास तिप्पट झाला. तिथे येणाऱ्या सस्तन प्राण्यांची संख्या आणि त्यांनी तिथे घालवलेला वेळ, दोन्ही सुमारे तिप्पट. रोग पसरायला आणखी काय हवं? भारतातली गिधाडं जिथे आधी भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे, यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात आहे. पहिल्या गटात मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे.

‘प्रवासी कबुतर गेलं, काय अडलं?’

या मजकुरातला सगळ्यात हुशार प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी मान्य करायचं ते मान्य करू. उत्तर अमेरिकेत या कबुतरांची संख्या काही अब्ज होती आणि शेवटचं कबुतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्यानंतर परिसंस्था कोसळल्याचं ठळक चित्र दिसलं नाही, हे खरं आहे. पण त्याच काळात तिथली जंगलं तुटत होती, आणि १९०४ साली आढळलेल्या एका बुरशीरोगाने पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत चेस्टनटची अब्जावधी झाडं मारली. एवढ्या उलथापालथीत कबुतराच्या जाण्याचा वाटा वेगळा काढायचा कसा? ‘परिणाम झाला नाही’ आणि ‘परिणाम वेगळा मोजता आला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘काही फरक पडला नाही’ हे विधान नेहमी एका तारखेला केलेलं असतं, आणि ती तारीख बदलली की उत्तरही बदलू शकतं. उत्तर कॅलिफोर्नियाचा किनारा पाहा. तिथली समुद्री पाणमांजरं फरच्या व्यापाराने एकोणिसाव्या शतकात संपवली. हा प्राणी समुद्री अर्चिन फस्त करतो. त्याच्या अंगावर चरबीचा थर नसल्यामुळे थंड पाण्यात ऊब टिकवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या वीस ते पंचवीस टक्के खावं लागतं. अर्चिन हा गोळा काटेरी, आणि केल्प या महाकाय सागरी शेवाळाची मुळासारखी पकड कुरतडणारा. तेव्हा पाणमांजर गेल्यावर केल्पची जंगलं संपायला हवी होती. पण ती शंभराहून जास्त वर्षं तग धरून राहिली. १९५० साली, अगदी २०१० सालीही, कुणी म्हणालं असतं की पाणमांजरावाचून काही अडलं नाही, तर ते वरकरणी खरंच वाटलं असतं.

अर्चिन खाणारा आणखी एक भक्षक तिथे होता: सूर्यफूल तारामासा. चोवीसपर्यंत भुजांचा, जवळजवळ एक मीटर पसरणारा. २०१३ पासून तारामाशांत अंग झिजवणारा रोग पसरला आणि हा भक्षक त्या किनाऱ्यावरून जवळपास नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ दरम्यान समुद्रात उष्णतेची लाट आली, तिने केल्पची वाढ खुंटवली. जांभळ्या अर्चिनची संख्या साठपटीने वाढली आणि सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. केल्पवरच जगणारी ॲबलोनी ही मोठी गोगलगाय उपाशी मरू लागली आणि २०१८ साली तिची मासेमारी बंद करावी लागली.

यात दोष कुणाचा? रोगाचा आहे, उष्णतेचाही आहे. पण जिथे दोन भक्षक होते तिथे दीड शतकापूर्वीच एक उरला होता, आणि तो एक गेल्यावर मागे कुणीच नव्हतं. अन्नजाळ्यात एकच काम अनेक प्रजाती करतात तेव्हा पहिली गेल्याचं कळत नाही, शेवटची गेल्यावर कळतं. शिवाय अशी ओसाडी सहजासहजी पुन्हा भरून येत नाही, कारण अर्चिन खायला काही नसलं तरी कित्येक वर्षं अर्धपोटी जिवंत राहतात आणि केल्पचा नवा कोंब उगवला की लगेच खातात.

परिणाम उशिरा दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे झाडांचं दीर्घ आयुष्य. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तपकिरी वृक्षसर्प शिरला. पुढच्या चार दशकांत बेटावरच्या वनपक्ष्यांच्या बारा स्थानिक प्रजातींपैकी दहा तिथून संपल्या. जंगल आजही हिरवं दिसतं, कारण झाडं शेकडो वर्षं नसली तरी अनेक दशकं जगतात. पण बी दूर नेणारं कुणी राहिलं नाही. फळं आईच्याच बुंध्याशी पडतात, तिथे रोपं एकमेकांच्या सावलीत आणि बुरशीत मरतात. शेजारच्या बेटांशी तुलना करून दोन झाडांच्या प्रजातींपुरता काढलेला २०१७ सालचा अंदाज सांगतो की नव्या झाडांची भर ६१ ते ९२ टक्क्यांनी घटली असावी. तिथे पावसाळ्यात कोळीही शेजारच्या बेटांच्या तुलनेत चाळीसपटीपर्यंत जास्त आढळले. पक्ष्यांच्या यादीत या दोन्ही गोष्टी कधीच दिसल्या नसत्या.

‘वाघ-देवमासे वाचवा, किरकोळ जिवांचं काय’

मूळ मजकुरात नाही, पण त्याच्याखालच्या प्रतिक्रियांत हे सतत येतं. पनामातल्या एल कोपे भागात २००४ साली बेडकांच्या त्वचेला ग्रासणारी काइट्रिड बुरशी पोचली आणि बेडकांचा मोठा हिस्सा काही महिन्यांत गेला. त्या आधी आणि नंतर सापांची तशीच शोधाशोध केली तेव्हा आढळलेल्या प्रजाती ३० वरून २१ वर आल्या. बेडूक हे त्यातल्या कित्येकांचं अन्न होतं. ओढ्यांत बेडकांची पिल्लं शेवाळ खरडत, ती गेल्यावर शेवाळ वाढलं. एकाच जाण्याने वरचा थर उपाशी राहिला आणि खालचा मोकाट सुटला.

इथेच दुसऱ्या टोकाच्या अतिशयोक्तीलाही आवर घालायला हवा. ‘मधमाशा संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल’ हे आइन्स्टाईनच्या नावाने फिरणारं वाक्य त्याने म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते चूकही आहे. गहू, तांदूळ, मका यांचं परागीभवन वाऱ्याने किंवा स्वतःच होतं. जगातल्या मुख्य खाद्यपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकारांना प्राण्यांच्या परागीभवनाचा कमी-जास्त उपयोग होतो, पण एकूण उत्पादनात अशा पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. म्हणजे उपासमार नाही, पण फळं, भाज्या, तेलबिया महाग आणि थोड्या. खोटं वाक्य पुढे ढकललं की समोरच्याला खरं नाकारायलाही निमित्त मिळतं.

‘गेली तर परत आणू’

परत आणता येणं आणि परिणाम उलटवता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे सोडले. ‘लांडग्यांनी नद्या बदलल्या’ हा त्यावरचा व्हिडिओ इतका पाहिला गेला की तो आता पाठ्यपुस्तकासारखा उद्धृत होतो. वस्तुस्थिती जास्त गुंतागुंतीची आहे. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत एल्क हरणांनी ओढ्याकाठची विलो ही झुडपं खाल्ली, विलो नाही म्हणून ओढ्यांवर लाकडांचे बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, बीव्हरचे बांध नाहीत म्हणून ओढे खोल कापत गेले आणि भोवतालची भूजलपातळी उतरली. लांडगे आल्यावर एल्क कमी झाले, त्यात अस्वलं, प्यूमा, शिकार आणि दुष्काळाचाही हात होता. पण पाणी खाली गेलेलं, त्यामुळे अनेक ठिकाणी विलो पूर्वीसारखे वाढले नाहीत. दोन दशकं चाललेल्या प्रयोगात हेच आढळलं. कृत्रिम बांध घालून पाणी वर आणलं, तिथे मात्र विलो उंचावले.

गिधाडांच्या बाबतीत अडसर औषधाच्या दुकानात आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली. ॲसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं आणि किटोप्रोफेन हे तिसरंही गिधाडांना मारक, म्हणून त्यांवर २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल हे सुरक्षित पर्याय आहेत. पिंजऱ्यातली गिधाडं सोडण्याआधी त्या जागेभोवती शंभर किलोमीटरच्या परिघात दुकानांत गुपचूप विचारणा करून घातक औषधं मिळत नाहीत ना हे पाहावं लागतं, आणि मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासावे लागतात. एक गिधाड प्रजननक्षम व्हायला सुमारे पाच वर्षं लागतात, आणि तोपर्यंत ही तपासणी चालूच ठेवावी लागते.