दुष्काळी गच्चीचे वरदान म्हणून सेडम: एक प्रतिवाद

उन्हाळ्याची चाहूल लागली की मराठवाड्यात मोबाइलवरून एक संदेश फिरू लागतो. युरोपातल्या एखाद्या छतावर पसरलेल्या सेडम या मांसल पानांच्या झाडाच्या हिरव्या-तांबूस गालिचाचे छायाचित्र असते आणि खाली मजकूर असतो: हे वाळवंटातले झाड आहे, त्याला कितीही ऊन चालते, पाणी लागत नाही, त्याने स्लॅब थंड राहतो आणि शिवाय ते रात्रभर प्राणवायू सोडते. लातूरमधल्या आमच्या गच्चीवर गेली नऊ वर्षे मी सेडम, एचेव्हेरिया, हॉवर्थिया अशा मांसल पानांच्या जाती जमवतो आहे. या झाडांवर माझा मनापासून जीव आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून कुणी फेब्रुवारीत शंभर रोपे विकत आणतो आणि जूनमध्ये रिकाम्या कुंड्या एकात एक रचून ठेवतो, हे मला पाहवत नाही.

आधी वाळवंटाचे पाहू. सेडमच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण किंवा डोंगराळ भागांतल्या आहेत. छतांवर लावतात त्या सेडम आक्रे आणि सेडम आल्बम या युरोपातल्या खडकांच्या फटींत वाढणाऱ्या जाती. टोपलीतून लोंबणारे, वेणीसारखे दिसणारे सेडम मॉर्गॅनियानम मेक्सिकोतले. खडकावर माती बोटभर असते, पाणी टिकत नाही, म्हणून ते पानात साठवायचे, एवढाच त्या जाड पानांचा अर्थ. तापलेल्या स्लॅबवर दिवस काढण्याची तयारी त्यात गृहीत धरता येत नाही.

प्राणवायूचा दावा जरा सविस्तर तपासायला हवा, कारण त्यात सत्याचा एक अंश आहे आणि आपल्याकडे ही झाडे का मरतात याचे उत्तरही तिथेच सापडते. भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी 1813 साली एका पत्रात नोंदवले होते की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते. पानफुटी आणि सेडम एकाच कुळातली, क्रॅसुलेसी कुळातली. ही झाडे रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे मिटून, साठवलेल्या त्या वायूपासून उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. म्हणून पान पहाटे आंबट असते. परंतु प्राणवायू तयार होतो तो प्रकाशात, पाण्याच्या विघटनातून. रात्री इतर झाडांप्रमाणे सेडमही श्वसनासाठी प्राणवायू घेतेच. शिवाय अनेक सेडम तर पाण्याचा ताण पडल्यावरच या रात्रपाळीवर येतात, एरवी चारचौघांसारखी दिवसाच काम करतात.

ही रात्रपाळी नीट चालायला रात्र थंड लागते, आणि खरी गोम इथे आहे. बर्लिनमध्ये जुलैतही रात्रीचे तापमान साधारण पंधरा अंशांवर येते. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेचा पारासुद्धा पंचविशीच्या आसपास असतो, आणि रात्री दहा वाजता स्लॅबवर तळहात ठेवला तर तो शेकला जातो. अशा रात्री श्वसनात साठा झपाट्याने खर्च होतो, नवी भर मात्र थोडी पडते. दिवसाच्या बेचाळीस अंशांतून शेडनेटखाली तग धरलेले रोप या उबदार रात्रींनी खंगत जाते, हे मी नऊ उन्हाळे पाहिले आहे.

पाणी लागत नाही, हे वाक्य आपल्या माणसांच्या मनाला का भिडते ते मी समजू शकतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही प्यायलो आहोत. पण बर्लिनचा वार्षिक पाऊस सुमारे 570 मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीहूनही कमी. फरक असा की तिकडे तो बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि इकडे चार महिन्यांत कोसळून आठ महिने पाठ फिरवतो. त्यामुळे आपल्याकडे सेडमला कोरड्या महिन्यांत हाताने पाणी द्यावे लागते आणि पावसाळ्यात पाण्यापासून वाचवावे लागते. उन्हाळ्याइतकीच रोपे परतीच्या पावसातही जातात. सलग तीन दिवस झड लागली की खालची पाने उकडल्यासारखी काचेरी होतात, बोट लावताच गळतात, आणि मातीलगतचे खोड काळे पडते. काळ्या मातीत लावले असेल तर हे हमखास होते, कारण ती पाणी धरून फुगते आणि मुळांना हवाच मिळत नाही. चाळलेला मुरूम दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग, एवढे मला पुरते.

स्लॅब थंड राहतो, हा दावा तर आधीच्याच दाव्याला छेद देतो. हिरवे छत थंडावा देते ते मुख्यतः पाण्याच्या बाष्पीभवनातून, आणि काही प्रमाणात सावली व मातीच्या थरामुळे. पाणीच दिले नाही आणि झाडाने दिवसा रंध्रे मिटून घेतली, तर बाष्पीभवन कशाचे होणार? उरतो तो मातीच्या थराचा आडोसा, आणि तो तर आपल्या जुन्या माळवदांना हातभर जाडीने मिळतच होता.

ज्यांना जाती जमवायच्या आहेत त्यांनी जरूर जमवाव्यात. फक्त दिवाळीनंतर लावाव्यात, म्हणजे मुळांना थंडीचे तीन-चार महिने मिळतात. फेब्रुवारीअखेर त्या पूर्वेच्या भिंतीकडे, शेडनेटखाली आणि स्लॅबपासून हातभर उंच मांडणीवर न्याव्यात. पिठ्या ढेकूण ही कीड कापसापुरती मर्यादित नसते, तेव्हा कुंडी बदलताना मुळेही पाहावीत. आणि भर उन्हात गालिचाच हवा असेल तर ऑफिस टाइम हे फुलझाड लावावे. ते आपल्या घोळीच्या भाजीच्या वंशातले आहे, त्याला उबदार रात्री मानवतात, आणि रोज संध्याकाळी थोडे पाणी मिळाले तर आमच्या गच्चीवर ते ऐन मे महिन्यातही सकाळी नऊला फुललेले असते.