भिंतीवर जहाज, ताटात तळ्यातली कोळंबी

थीमवाल्या सीफूड रेस्टॉरंटला नावं ठेवायला फार अक्कल लागत नाही. छताला टांगलेलं जाळं, कोपऱ्यात रिकामं लाकडी पिंप, भिंतीवर जहाजाचं सुकाणू, टॉयलेटच्या दारावर चाच्यांची कवटी आणि स्पीकरमधून मधूनच ओरडणारे समुद्रपक्षी. खाण्यातले जाणकार म्हणवणारे हे बघून दारातूनच परत फिरतात. मला अशा ठिकाणी जायला मनापासून आवडतं. माझी तक्रार आहे, पण ती सुकाणूबद्दल नाही.

आधी कौतुक करून घेते. महागड्या हॉटेलात खेकडा मागवणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती ओढवून घेणं. पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, कडक इस्त्रीतला वेटर, शेजारच्या टेबलावर कुजबुजत बोलणारी माणसं आणि आपण एका नांगीशी झटापट करतोय. मांस निघतं चमचाभर, शर्टावर डाग पडतो तळहाताएवढा. थीमवाल्या जागी हा सगळा संकोच पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघतो. टेबलावर खाकी कागद अंथरतात, हातात लाकडी हातोडी देतात आणि चांगल्या साठीच्या गृहस्थांच्या गळ्यातसुद्धा प्लास्टिकचं लाळेरं बांधतात. मग बादली येते आणि सरळ कागदावर उपडी होते: खेकड्याचे पाय, सालासकट कोळंबी, मक्याच्या कणसाचे तुकडे, बटाटे, लसणाचं लोणी. ताट नाही, काटा-चमचा नाही. गेल्या वेळी माझ्या भाचीने पहिल्या हातोडीलाच खेकड्याच्या पायाची अशी काही शकलं उडवली की एक तुकडा तिच्या बाबांच्या चष्म्याच्या काचेवर जाऊन चिकटला. तो तिथेच ठेवून बाबा पुढचा पाय फोडत होते. एरवी जेवताना "आवाज नको" म्हणणारा माणूस हा.

ही सगळी नाटकबाजी जन्माला का आली, याचं उत्तर मला नकाशात सापडतं. अमेरिकेतली 'रेड लॉबस्टर' ही या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली साखळी. तिचं पहिलं रेस्टॉरंट बिल डार्डन यांनी १९६८ साली फ्लोरिडातल्या लेकलंडला काढलं. फ्लोरिडाला दोन्ही बाजूंनी समुद्र, पण लेकलंड मात्र आत, किनाऱ्यापासून दूर. ज्या गावात सकाळी होड्या लागतात तिथे भिंतीवर जाळं टांगायची गरज नसते, जाळी दारात वाळत पडलेली असतात. सजावट लागते ती समुद्र न दिसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. त्याला माशाचे डोळे बघवत नाहीत, काट्याची धास्ती असते, वास आला की तो खुर्ची मागे सरकवतो. अशा माणसाला हसत-खेळत मासळीजवळ आणायचं काम या रेस्टॉरंटांनी केलं आणि ते छोटं नाही.

'बबा गंप' तर याच्याही पुढे गेली. १९९४ च्या 'फॉरेस्ट गंप' सिनेमातल्या कोळंबीच्या काल्पनिक धंद्यावरून १९९६ साली कॅलिफोर्नियात माँटेरेला खरंखुरं रेस्टॉरंट उभं राहिलं. सिनेमातल्या धंद्याचं जगभर पसरलेलं हॉटेल झालं, हा प्रकारच मला भारी वाटतो. तिथली एक गोष्ट मात्र प्रत्येक हॉटेलने उचलावी. टेबलावर पाट्या असतात. निळी दिसत असेल तर वेटरने पुढे निघून जायचं, लाल लावली तर थांबायचं. तोंडात घास असतानाच "सगळं ठीक ना?" विचारायला येणाऱ्यांवर याहून सभ्य उपाय मी पाहिलेला नाही.

आता तक्रार. ती आहे 'ताजं' या दाव्याबद्दल.

मेनूच्या पहिल्याच पानावर होडीचं चित्र आणि खाली 'आज सकाळची पकड'. मेनू लॅमिनेट केलेला. कडा उसवलेल्या, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी सॉसचा वाळलेला डाग. त्या मेनूला आज सकाळी काय पकडलं हे कळणार कसं? मी एकदा विचारलंच.

"आज ताजं काय आहे?"

"सगळंच ताजं आहे, मॅडम."

"कोळंबीसुद्धा?"

"हो."

"समुद्रातली की तळ्यातली?"

त्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा छताच्या जाळ्याकडे.

त्याचा काही दोष नव्हता, त्याला तसं शिकवलेलंच नव्हतं. पण वस्तुस्थिती अशी, की अशा रेस्टॉरंटांत मिळणारी बहुतेक कोळंबी समुद्रात कधी मुक्त पोहलेलीच नसते. ती असते वनामी जातीची. मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्यावरची, आणि आता भारत, इक्वेडोर, इंडोनेशिया, व्हिएतनाममधल्या तळ्यांत वाढवलेली. पाण्यात प्राणवायू टिकावा म्हणून तळ्यात चाकं फिरत असतात, तीन-चार महिन्यांत पीक काढतात, सोलतात, गोठवतात, खोक्यांत भरतात. अमेरिकेला सगळ्यांत जास्त कोळंबी पुरवणाऱ्या देशांत भारत आहे. खोक्यावर आकडा असतो, २१/२५ म्हणजे एका पौंडात २१ ते २५ नग. मेनूवरची 'जंबो' बिंबो ही विशेषणं सोडा, स्वयंपाकघरात हा आकडाच बोलतात.

खेकड्याच्या पायांची तर याहून गंमत. कच्चा खेकडा तपकिरी नाहीतर हिरवट असतो. त्याच्या कवचातलं लाल रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णता लागली की प्रथिन उलगडतं आणि लाल मोकळा होतो. बर्फाळ समुद्रातल्या स्नो क्रॅबचे पाय रेस्टॉरंटच्या खोक्यात येतानाच लाल असतात, कारण पकडल्यावर प्रक्रिया करतानाच ते शिजवून गोठवलेले असतात. बादलीतून धूर निघतो तो दुसऱ्यांदा तापवल्याचा.

म्हणून ते वाईट का? अजिबात नाही, आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे. गोठवलेलं म्हणजे शिळं, हा समज गिऱ्हाइकाचा आहे आणि त्याला घाबरून रेस्टॉरंटवाले खोटं बोलतात. क्लॅरन्स बर्ड्‌झाय हा अमेरिकन माणूस १९१० च्या दशकात आजच्या कॅनडातल्या लॅब्रॅडॉरमध्ये राहिला होता. तिथल्या इन्युइट लोकांनी पकडलेले मासे कडाक्याच्या थंडीत बघता बघता गोठत आणि पुढे शिजवले तरी चव टिकून असे, हे त्याने पाहिलं आणि त्यावरून झटपट गोठवायचं यंत्र बनवलं. मर्म वेगात आहे. मासा हळूहळू गोठला तर आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि मांसाचे धागे फाटतात. झटकन गोठला तर स्फटिक बारीक राहतात. १९५४ साली ब्रिटिशांनी 'फेअरट्राय' नावाचं जहाजच काढलं, मासे पकडून समुद्रातच साफ करून गोठवणारं. जाळ्यातून निघाल्यावर काही तासांत गोठवलेला मासा आणि चार दिवस बर्फावर पडून 'ताजा' म्हणवून घेणारा मासा, यांत मी डोळे झाकून पहिला घेईन. कच्च्या माशाचे शौकीन तर बहुतेक वेळा आधी गोठवलेलाच मासा खात असतात. त्यातले परजीवी मरावेत म्हणून उणे २० अंशांवर सात दिवस ठेवायचा, हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेला मार्ग आहे.

खरं बोलणारा एक वेटर मला भेटला आहे. वयस्कर, दमलेला, गळ्यात तेच अँकरचं चित्र असलेलं ॲप्रन. मी ग्रिल्ड कोळंबी सांगितली तर तो किंचित वाकून म्हणाला, "वाफवलेली घ्या. ही फ्रीझरमधली असते. गर्दीच्या वेळी बर्फ नीट उतरायच्या आत ग्रिलवर टाकतात, मग पाणी सोडते. भाजत नाही, नुसती शिजते." त्यात भर म्हणजे काही कारखाने वजन टिकावं म्हणून कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात. ती रबरासारखी टणटणीत लागते आणि तव्यावर तर आणखीच पाणी सोडते. मी वाफवलेली घेतली. सालासकट, बोटं चिकट होईपर्यंत खाल्ली. उत्तम होती. फ्रीझरचं नाव ऐकून माझी भूक मेली नाही, उलट त्या माणसावर इतका विश्वास बसला की पुढचं सगळं त्यालाच ठरवायला सांगितलं.

माझा स्वतःचा शिरस्ता असा झालाय: मिश्र तळलेलं मोठं ताट मागवायचं नाही. मासा, कोळंबी, माकुळ (म्हणजे स्क्विड) सगळं एकाच पिठात, एकाच तेलात. तिसऱ्या घासानंतर काय खातोय ते आकारावरूनच ओळखायचं. माकुळाचं कडं दाताखाली धरलं की पिठाचं कवच तेवढं हातात राहतं आणि आतली रबरी चकती निसटून तोंडात येते, हा अनुभव नसलेला माणूस विरळा. कालवं मागवायची तर पिशवीचा टॅग विचारायचा. अमेरिकेत कालवांच्या प्रत्येक पिशवीवर कुठून आणि कधी काढली याचं लेबल असतं आणि रेस्टॉरंटला ते ९० दिवस जपून ठेवावं लागतं. टॅग म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो त्याच्याकडे कालवं खायची नाहीत. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, टाकीत जिवंत असेल तर ती मात्र खरोखर ताजी. नुसती हौस म्हणून ती जिवंत ठेवतात असं नाही, मेल्यावर तिचं मांस झपाट्याने बिघडतं.

माशाच्या नावावर डोळे मिटून विश्वास तर नकोच. ओशियाना या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या दुकानांतून आणि रेस्टॉरंटांतून माशाचे १,२१५ नमुने गोळा करून त्यांची डीएनए तपासणी केली. ३३ टक्के नमुन्यांना चुकीचं नाव दिलेलं होतं. रेड स्नॅपर म्हणून विकलेल्या १२० नमुन्यांपैकी फक्त ७ खरे निघाले. सगळी फसवणूक रेस्टॉरंटच्या दारातच होते असं नाही, मासा बोटीतून ताटात येईपर्यंत बऱ्याच हातांतून जातो. पण 'पकड' हा शब्द छापणाऱ्याने निदान कुणाची पकड एवढं तरी विचारावं.

आणि हो, 'हवी तितकी खा' या प्रकाराबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. रेड लॉबस्टरने २०२३ साली २० डॉलरमध्ये अमर्याद कोळंबी कायमची मेनूवर आणली. एका तिमाहीत साधारण १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला आणि मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांनी हसून घेतलं की कोळंबीने कंपनी बुडवली. गोष्ट तेवढीच नव्हती. २०१४ साली मालक बदलले तेव्हा रेस्टॉरंटांखालच्या जागा दीड अब्ज डॉलरला विकून त्याच जागांचं भाडं भरायची वेळ कंपनीवर आणली होती, ते ओझं वेगळंच होतं. तरी कोळंबीवाल्या योजनेवर माझा राग आहेच. त्यात यजमान आणि पाहुणा दोघंही एकमेकांना हरवायला बसतात. तो दुसरं ताट मुद्दाम उशिरा आणतो, आधी पाव आणि पास्त्याने पोट भरवतो. हा पैसे वसूल करायला भूक संपल्यावरही खात राहतो. हातोडी आणि लाळेऱ्यामुळे जी मजा येते ती या मोजामोजीत पार जाते.

या सगळ्यात खऱ्या समुद्राचं काय चाललंय ते भिंतीवर कधीच दिसत नाही. अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रात २०१८ नंतर १० अब्जांहून जास्त स्नो क्रॅब नाहीसे झाले. पाणी तापलं, गरम पाण्यात त्यांची भूक वाढली, खायला पुरेना आणि ते उपासमारीने मेले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये अलास्काने त्यांचा हंगाम पहिल्यांदाच रद्द केला. मेनूत यातलं काय उमटलं? किमतीच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे'.

मला सजावट काढून टाकायला नकोय. सुकाणू राहू दे, पिंप राहू दे, ओरडणारे पक्षी थोडे हळू करा. पण त्याच भिंतीवर एक फोटो फिरत्या चाकांच्या तळ्याचा लावा, एक मासे गोठवणाऱ्या जहाजाचा लावा. मेनूत रोज बदलता येईल अशी एक साधी चिठ्ठी ठेवा: कोळंबी तळ्यातली, गोठवलेली, अमुक देशातून. खेकडा आधी शिजवलेला. आज खरंच ताजं आलंय ते एवढंच. आणि काहीच आलं नसेल तर तसं लिहा. मी तरीही बादली मागवणार आहे, कणसं जास्त घालून.