प्रंबानन नेमके कोणाचे?

इंडोनेशियातल्या जावा बेटावरील प्रंबानन या प्राचीन हिंदू मंदिराचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की, "बघा, आपली संस्कृती कुठवर पोहोचली होती" अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. या अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. पण ते मंदिर उभे करणारा जावाचा माणूस त्यात कुठेच नसतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

योग्यकर्ता शहराजवळच्या या मंदिरसमूहाशी इ.स. 856 चा 'शिवगृह' शिलालेख जोडला जातो. मधोमध 47 मीटर उंचीचे शिवमंदिर, त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू, समोर या देवांच्या वाहनांची मंदिरे, भोवती 224 लहान देवळे. शिखर म्हणजे मेरू ही कल्पना आणि दक्षिणेस अगस्त्य, पश्चिमेस गणेश, उत्तरेस महिषासुरमर्दिनी ही मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. पण कठड्याच्या आतल्या बाजूस कोरलेले रामायण पाहत प्रदक्षिणा घालू लागलो की सेतुबंधाच्या प्रसंगाशी थबकावे लागते. वानर समुद्रात दगड टाकत आहेत आणि मासे ते दगड तोंडात धरत आहेत. वाल्मीकींच्या रामायणात हे मासे नाहीत. ते आग्नेय आशियात सांगितल्या जाणाऱ्या रामकथेत आहेत. शिल्पकाराने पोथी पाहून नक्कल केलेली नाही, आपल्या कानांवर पडलेली कथा कोरली आहे.

कीर्तिमुखाचे, म्हणजे देवळांवर कोरलेल्या उग्र राक्षसी तोंडाचेही तसेच. दख्खनच्या जुन्या देवळांत ते गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर असते आणि आपण ते ओलांडून आत जातो. जावात त्याला 'काल' म्हणतात आणि ते दाराच्या वर, डोळे वटारून बसलेले असते. मध्य जावातल्या कालाला बहुधा खालचा जबडा नसतो. पुढे पूर्व जावात त्याला जबडा येतो, नखेही येतात. पूर्व जावातल्याच पनातरान मंदिराच्या चौदाव्या शतकातल्या रामायणपटांत माणसे चपटी, एका अंगाने दिसणारी, थेट वायांगच्या, म्हणजे जावातल्या सावल्यांच्या खेळातल्या, चामडी बाहुल्यांसारखी होतात. मूळ भारतीय शैलीचा हा ऱ्हास आहे असे म्हणणारे अभ्यासक होऊन गेले. मला ते मत साफ अमान्य आहे, कारण नक्कल करणाऱ्याचा हात थकतो तेव्हा रेषा ढिली पडते, आणि पनातरानची रेषा कुठेही ढिली नाही.

प्रंबाननच्या महिषासुरमर्दिनीच्या मूर्तीला स्थानिक लोक 'रारा जोंगरांग' म्हणतात. नको असलेल्या लग्नातून सुटण्यासाठी या नावाच्या राजकन्येने एका रात्रीत हजार मंदिरे बांधण्याची अट घातली, आणि काम पुरे होत आले तेव्हा बायकांना भात कांडायला लावून, पूर्वेला जाळ पेटवून कोंबड्यांना वेळेआधी आरवायला लावले. फसलेल्या वराने शाप देऊन तिलाच शिळा केले, अशी ती दंतकथा. शास्त्राच्या दृष्टीने हा घोटाळा आहे खरा, पण पूजा थांबल्यानंतर शतकानुशतके हे मंदिर लोकांच्या बोलण्यात जिवंत राहिले, त्यात या कथेचा वाटा मोठा आहे.

पुढे जावात इस्लाम आला, धर्म बदलला म्हणून हे सारे तुटले, हा दुसरा सोपा समज. उत्तर किनाऱ्यावरील कुदुस गावात 1549 च्या सुमारास मशीद उभी राहिली. तिचा लाल विटांचा मनोरा मजपाहित या जावातल्या जुन्या हिंदू-बौद्ध राज्याच्या काळातील मंदिरासारखा, टप्प्याटप्प्याने वर जाणारा आहे. "म्हणजे ते मुळात मंदिरच असणार" असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे घाई होईल. त्यापेक्षा, गवंडी तेच होते आणि भव्य वास्तू म्हटली की त्यांना हाच आकार सुचत होता, हे मानणे मला अधिक सरळ वाटते. हिंदू शेजाऱ्यांच्या भावनेखातर गाय कापू नका असे इस्लामचे धर्मप्रचारक सुनन कुदुस यांनी सांगितले, अशी तिथली परंपरा आहे. त्यामुळे 'सोतो कुदुस' हा त्या गावचा प्रसिद्ध रस्सा कोंबडीचा किंवा म्हशीच्या मांसाचा असतो.